नवीन टॅबचं पान आपल्या कामाचं कसं करून घ्यायचं

आमच्या काकांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. गेल्या महिन्यात तिथला प्रिंटर चालेना म्हणून मला बोलावलं, वायर ढिली होती, दोन मिनिटांचं काम, पण काका म्हणाले आलायस तर बस की आता, एक सातबारा काढायचाय. दिवाणजी कॉम्प्युटरवर बसलेच होते. त्यांनी क्रोम उघडलं, मधल्या डब्यात 'सातबारा' टाइप केलं आणि जी पहिली लिंक आली तिच्यावर क्लिक. पहिली लिंक म्हणजे कुठल्यातरी खाजगी साइटची जाहिरात. विचारल्यावर कळलं की असल्याच एका साइटवर आधी दोनशे रुपये भरून झालेत आणि उतारा काय आलेला नाही. अहो, सरकारी साइटवर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना मिळतो, आणि नुसता बघायचा असला तर पैसेच लागत नाहीत!

पत्ता पाठ नाही म्हणून रोज शोधायचं, आणि रोज शोधायचं म्हणून रोज चुकीच्या दारात जायची शक्यता. ह्याच्यावर सोपा इलाज म्हणजे नवीन टॅब उघडला की जे पान येतं तिथंच आपल्या कामाच्या साइटची बटणं लावून ठेवायची, एकदाच नीट पत्ता तपासून, म्हणजे नंतर शोधायचा प्रश्नच येत नाही. लोक ह्या पानावर फक्त फोटो बदलतात आणि थांबतात. फोटोचं पण सांगतो, पण शेवटी.

आधी तीन पानांचा घोळ मिटवू

नवीन माणसाची इथंच गल्लत होते म्हणून जरा सविस्तर. ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज ह्यातलं जे काय वापरता त्यात, तीन वेगवेगळी पानं असतात आणि तिन्हीला लोक 'होमपेज'च म्हणतात.

एक म्हणजे ब्राउझर चालू केल्या केल्या जे उघडतं ते. दुसरं म्हणजे वर पत्त्याच्या डाव्या बाजूला घराचं चित्र असतं (काहीकडं नसतंच, सेटिंगमधून चालू करावं लागतं), ते दाबल्यावर येतं ते. आणि तिसरं, टॅबच्या ओळीतलं अधिकचं चिन्ह दाबलं किंवा कीबोर्डवर कंट्रोल धरून टी दाबलं की येतं ते नवीन टॅबचं पान. आपण ह्या तिसऱ्याबद्दल बोलायलोय. बरेचदा तिन्ही ठिकाणी एकच पान दिसतं त्यामुळं फरक कळत नाही, पण मग होतं असं की माणूस सेटिंगमध्ये जाऊन घराच्या बटणाचा पत्ता बदलतो, नवीन टॅब उघडतो आणि म्हणतो काहीच बदललं नाही. बदललं की, पण घराचं बदललं, टॅबचं नाही.

चालू होताना काय उघडावं ते क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये 'ऑन स्टार्टअप' मध्ये असतं. तिथं तीन पर्याय आहेत: नवीन टॅबचं पान उघडा, काल जिथं सोडलं तिथून सुरू करा, किंवा ठरावीक पानं उघडा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी पहिलाच ठेवतो. दुसरा ठेवला की काल कुणी काय काय उघडून ठेवलं होतं ते सगळं सकाळी समोर येतं, आणि कॉम्प्युटर जुना असला की तेवढ्यात चहा होतो.

आता कागद आणि पेन घ्या

हो, कागदच. माऊसला हात लावायच्या आधी तुम्ही आठवड्यात खरंच कुठल्या साइट उघडता ते लिहून काढा. काकांच्या अडतीवरची यादी अशी झाली: सातबारा, पणन मंडळाचे बाजारभाव, जीएसटी, बँक, महावितरणचं बिल, ईमेल, व्हॉट्सॲप वेब. मग काकू फोनवरून म्हणाल्या कोयना धरणाचं पाणी पण टाक. सांगलीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ चा महापूर बघितलेला माणूस जुलै लागला की भाव बघायच्या आधी पाणी बघतो. आणि चुलतबहिणीसाठी शिवाजी विद्यापीठ, कारण निकाल लागला की सगळ्या सातारा-सांगली-कोल्हापूरची पोरं एकदमच तिकडं धावतात आणि तेव्हा गुगलवर शोधत बसण्यात अर्थ नसतो.

झाली नऊ. ह्याच्यावर फार नेऊ नका. माझ्याकडं क्रोममध्ये दोन ओळींत दहा बटणं बसतात आणि खरं सांगायचं तर दहाच पुष्कळ झाली. वीस लावली की परत शोधणं आलंच.

पत्ता खरा आहे का ते बघायचं

हा भाग घाईत करू नका, बाकी सगळं चुकलं तरी चालेल. कारण चुकीचा पत्ता एकदा बटणात बसला की रोज डोळे झाकून तिथंच जाणार तुम्ही.

महाराष्ट्राच्या जमिनीच्या नोंदींचा पत्ता 'भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' असा आहे, आणि डिजिटल सहीच्या उताऱ्यासाठी 'भूलेख'च्या जागी 'डिजिटल सातबारा' असं जोडून लिहिलेलं येतं, पुढचं सगळं तेच. बहुतेक सरकारी साइटचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा असतो, पण नुसतं ते शब्द कुठंतरी दिसले म्हणून खूश होऊ नका. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ येते ना, तिच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. तिथं गव्ह डॉट इन असेल तर ठीक. फसवणारे काय करतात, गव्ह आणि इन हे शब्द मध्येच कुठंतरी आडव्या रेघेनं जोडून घालतात आणि शेवट भलताच असतो. पत्ता उजवीकडून डावीकडं वाचायची सवय लावा, म्हणजे लगेच कळतं.

बँकेचा पत्ता कधीच शोधून घ्यायचा नाही. पासबुकवर, चेकबुकवर किंवा शाखेतून विचारून घ्या. आणि एक नवीन गोष्ट, रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' ह्या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. म्हणजे तुमच्याकडं आधीपासून बँकेचं बटण लावलेलं असेल तर एकदा दाबून बघा कुठं नेतंय, आणि नवीन पत्त्यावर नेत असेल तर बटणातला पत्ता पण बदलून टाका.

क्रोममध्ये बटण लावायचं कसं

नवीन टॅब उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचं चित्र दिसेल, 'कस्टमाइझ क्रोम'. ते दाबलं की बाजूला एक पट्टी उघडते. त्यात खाली जाऊन 'शॉर्टकट्स' शोधा. हे बंद असेल तर चालू करा.

इथं दोन प्रकार दिसतात आणि नीट समजून घ्या. 'मोस्ट व्हिजिटेड साइट्स' म्हणजे तुम्ही जिथं जास्त जाता त्या क्रोम आपोआप लावतो. 'माय शॉर्टकट्स' म्हणजे तुम्ही लावाल तेच राहणार. आपल्याला दुसरा पाहिजे. पहिल्यात दोन भानगडी आहेत, एक तर बटणांची जागा आपोआप बदलत राहते, काल सातबारा दुसऱ्या नंबरला होता आज पाचव्याला, आणि दुसरी म्हणजे कॉम्प्युटर चार जण वापरत असतील तर कोण कुठं जातंय ते सगळ्यांना समोरच दिसतं. दुकानात हमालांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे स्क्रीनकडं बघत असतात, आणि कुणी क्रिकेट बघितलं, कुणी नोकरीच्या जाहिराती बघितल्या, ते पानावर टांगलेलं. नकोच ते.

'माय शॉर्टकट्स' निवडल्यावर पानावर सर्चच्या डब्याखाली अधिकचं चिन्ह असलेला गोल येतो, 'ॲड शॉर्टकट'. तो दाबा, दोन रकाने येतील, नाव आणि पत्ता. पत्ता हातानं टाइप करू नका, एका अक्षराची चूक महागात पडते. दुसऱ्या टॅबमध्ये ती साइट उघडा, वर पत्त्यावर एकदा क्लिक करा म्हणजे सगळा निळा होतो, कंट्रोल-सी, परत ह्या टॅबवर या, रकान्यात कंट्रोल-व्ही. 'डन' दाबा, झालं.

नाव मराठीतच लिहा, देवनागरी व्यवस्थित चालतं. आणि आखूड लिहा. मी सुरुवातीला 'महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ बाजारभाव' असं अख्खं लिहिलं तर पानावर दिसलं 'महाराष्ट्र रा' आणि पुढं तीन टिंबं. काका म्हणाले, "आरं नुसतं 'भाव' लिही, आम्हाला कळतंय." बरोबरच होतं त्यांचं.

एक चूक सगळे करतात. साइटमध्ये लॉगिन करून आत चार पानं पुढं जातात आणि तिथला पत्ता कॉपी करतात. तो लांबलचक पत्ता बरेचदा तेवढ्या वेळेपुरताच असतो, दुसऱ्या दिवशी दाबलं की 'सेशन एक्स्पायर्ड'. बँक, जीएसटी, वीजबिल असल्या साइटचं पहिलंच पान घ्यायचं. उलट बाजारभावासारखी जी पानं लॉगिनशिवाय उघडतात त्यांचं मात्र थेट आतलं पान घ्या, दोन क्लिक वाचतात. आणि गुगलच्या शोधाच्या पानाचा पत्ता तर अजिबात नको, म्हणजे फिरून जाहिरातीपाशीच.

बटणाची जागा बदलायची तर माऊसनं धरून ओढायचं. रोजचं काम डावीकडं वर, महिन्यातून एकदा लागणारं खाली. नाव किंवा पत्ता बदलायचा असेल तर बटणावर माऊस नेला की कोपऱ्यात तीन टिंबं येतात, तिथं 'एडिट' आणि 'रिमूव्ह' दोन्ही आहे. चुकून काढलं तर खाली लगेच 'अनडू' येतं, पण ते काही सेकंदच असतं, गडबड करू नका आणि झोपू पण नका. साइटचं चित्र आलं नाही आणि नुसतं एखादं अक्षर किंवा पृथ्वीचा गोळा दिसला तरी घाबरायचं कारण नाही, त्या साइटनं चित्रच ठेवलेलं नसतं.

त्याच पट्टीत 'कार्ड्स' असं पण एक बटण असतं, त्यात तुम्ही आधी काय बघत होता त्याची आठवण वगैरे येते. घरच्या लॅपटॉपवर ठेवा पाहिजे तर. चार जणांच्या कॉम्प्युटरवर बंद.

बटणं लावून झाली की तेच सगळे पत्ते बुकमार्कमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या जपून ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीत, पण ठेवा. साइट उघडून कंट्रोल-डी दाबायचं, 'दुकान' नावाचं फोल्डर करून त्यात टाकायचं. कंट्रोल-शिफ्ट-बी दाबलं की पत्त्याच्या खाली बुकमार्कची पट्टी कायम दिसायला लागते. हे डबल काम का सांगतोय ते शेवटी कळेल.

फायरफॉक्स आणि एज

फायरफॉक्सला पण नवीन टॅबच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिल किंवा चाकाचं चित्र असतं, व्हर्जन कुठलं आहे त्यावर. आत गेलं की शॉर्टकटच्या ओळी एक ते चार अशा निवडता येतात. सगळ्यात आधी काय करायचं तर 'स्पॉन्सर्ड शॉर्टकट्स' वरची खूण काढायची, म्हणजे पैसे देऊन लावलेली बटणं जातात. मग बातम्यांच्या गोष्टी नको असतील तर त्या. इथं बटण पक्कं करायचं असेल तर 'पिन' करायचं, नाहीतर ते जागा बदलत राहतं. आणि कुणाला काहीच नको असेल, नुसतं कोरं पान, तर सेटिंग्जमध्ये 'होम' मध्ये जाऊन नवीन टॅबसाठी 'ब्लँक पेज' निवडता येतं. माझ्या एका मित्राला असंच आवडतं, त्याचं टेबल पण तसंच आहे, त्याच्यावर एक पेन आणि तो.

विंडोजबरोबर येणाऱ्या एजचं दुखणं वेगळं. नवीन टॅब उघडला की खाली बातम्यांचा महापूर, ह्या हिरोनं हे केलं, त्या फळानं पोट सुटतं. पानावर वर उजवीकडं चाकाचं चित्र आहे, ते दाबून कंटेंट किंवा फीड असं जे काय लिहिलं असेल ते बंद करा. 'क्विक लिंक्स' चालू ठेवा, त्यात बटणं लावायची पद्धत साधारण क्रोमसारखीच. काकांच्या शेजारच्या अडतीवर हे एवढंच करून दिलं तर त्यांचा दिवाणजी म्हणाला कॉम्प्युटर फास्ट झाला. झाला नसेल, पण त्याचं लक्ष उडायचं थांबलं.

गंमत म्हणजे ही बटणांची कल्पना क्रोमची नाहीच, ऑपेरानं २००७ मध्ये 'स्पीड डायल' म्हणून आधी आणली होती. क्रोम २००८ च्या सप्टेंबरमध्ये आला तेव्हा त्याच्या पानावर जास्त बघितलेल्या साइटचे छोटे छोटे फोटो असायचे. ऑपेरा तेव्हा आमच्याकडं लोकांच्या साध्या मोबाइलमध्ये होता, कॉम्प्युटरवर कुणाच्यात बघितल्याचं मला आठवत नाही.

आता फोटो

क्रोममध्ये त्याच पेन्सिलीच्या पट्टीत वर 'चेंज थीम' आहे. तिथं तयार फोटो आहेत, नुसते रंग आहेत, आणि 'अपलोड ॲन इमेज' म्हणून आपला स्वतःचा पण लावता येतो. काकांना गणपती मंदिराचा पाहिजे होता. त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेला पाठवला आणि तो लावला तर सगळा चिखल. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करून पाठवतं, मोबाइलवर बरा दिसतो पण मोठ्या स्क्रीनवर फाटतो. ज्यानं काढलाय त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळचा येतो. फोटो आडवा पाहिजे, साधारण १९२० बाय १०८० किंवा त्याहून मोठा. उभा लावला तर देवाचं फक्त पोट दिसतं, अनुभवाचे बोल.

आणि मधोमध गडबडीचा फोटो नको, कारण सर्चचा डबा आणि बटणं तिथंच बसतात. हळदीच्या सौद्याचा पिवळाधम्मक ढिगाचा फोटो लावून बघितला, दिसायला एक नंबर, पण बटणांखालची नावं वाचता येईनात. शेवटी कृष्णेच्या घाटावरचा संध्याकाळचा लावला, वर नुसतं आभाळ, खाली गडद पाणी, नावं पांढरी स्वच्छ दिसतात.

अचानक दुसरंच पान यायला लागलं तर

कधीतरी असं होतं की तुम्ही काहीच केलं नाही आणि नवीन टॅबला भलतंच पान, भलताच सर्च, वर जाहिराती. तुम्ही नाही केलं, पण एक्स्टेन्शननं केलं, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं. कुणीतरी पीडीएफ जोडायला, व्हिडिओ उतरवायला म्हणून फुकटचं काहीतरी टाकलेलं असतं आणि टाकताना एक चौकट येते, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की हे नवीन टॅबचं पान बदलेल, पण ती चौकट वाचतो कोण.

क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांतून 'एक्स्टेन्शन्स', मग 'मॅनेज एक्स्टेन्शन्स'. तिथली यादी बघा आणि जे ओळखीचं नाही ते 'रिमूव्ह'. कोणतं ते कळत नसेल तर सगळी एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी कंट्रोल-टी दाबून बघा. सुंदर घड्याळ, सुविचार, डोंगर दाखवणारी एक्स्टेन्शन पण असतात, सगळीच वाईट नसतात, पण माझं मत विचाराल तर बँकेचं काम ज्या कॉम्प्युटरवर होतं तिथं शोभेसाठी एकही नको. आणखी एक, फक्त गुगलचा डबाच गायब झाला असेल तर सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' बघा, ते बदललेलं असणार.

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही पर्याय दिसलेच नाहीत किंवा दाबता येत नसतील तर तिथल्या सिस्टीमवाल्यानं ते लॉक केलेले असतात. त्यात तुमची चूक नाही आणि तुमच्या हातात पण काही नाही, त्यालाच विचारा.

सगळं करून पण जाईना तर सेटिंग्जमध्ये 'रीसेट सेटिंग्ज'. ह्यानं चालू होतानाचं पान, नवीन टॅबचं पान, सर्च इंजिन मूळच्यासारखं होतं, एक्स्टेन्शन बंद होतात, साइटवरची लॉगिनं निघून जातात. बुकमार्क, हिस्ट्री आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात. म्हणून मघाशी म्हटलं बटणं बुकमार्कमध्ये पण ठेवा, बटणं गेली तरी तिथून पाच मिनिटांत परत लावता येतात. बुकमार्क मॅनेजरमध्ये तीन टिंबांत 'एक्सपोर्ट बुकमार्क्स' आहे, त्याची फाइल पेनड्राइव्हवर टाकून ठेवली की कॉम्प्युटर बदलला तरी चालतं.

मोबाइलवर एवढं स्वातंत्र्य नाही. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये नवीन टॅबखाली बातम्या येतात, त्यांच्या शीर्षकाजवळच्या चिन्हातून त्या बंद करता येतात, आणि नको असलेलं बटण दाबून धरलं की काढायचा पर्याय येतो. तिथं मी वेगळंच करतो, साइट उघडायची, तीन टिंबं, 'ॲड टू होम स्क्रीन', म्हणजे ॲपसारखं चित्र थेट मोबाइलच्या पडद्यावर येतं. काकूंच्या मोबाइलवर 'कोयना' असं लावून दिलंय, व्हॉट्सॲपच्या शेजारी. पुढच्याच दिवशी सकाळी सहाला फोन, उघडत नाही म्हणून. नेटपॅक संपला होता.